ग्लू गनने चिकटवलेलं विज्ञान

८ डिसेंबर
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक. हात पुढे केला की झाकण उघडणाऱ्या कचरापेट्या यंदाही ओळीने. आत तेच: आर्डुइनो हा प्रोग्राम भरायचा बोर्ड, अंतर मोजणारा सेन्सर, झाकण उचलणारी छोटी मोटर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मोटर चालवायला ती मुळातच अपुरी. दुपारपर्यंत निम्म्या पेट्या गप्प. एका मुलीला विचारलं, "प्रदर्शनानंतर यातलं काय काय परत वापरशील?" म्हणाली, "सर, सगळं ग्लू गनने चिकटवलंय. निघत नाही."

आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात जन्मला तो विद्यार्थ्यांसाठीच. जुना प्रोग्राम पुसा, नवा भरा, बोर्ड तोच. आपण त्याची एका पेटीशी जन्माची गाठ मारतो.

शेजारी ई-कचऱ्याचा तक्ता. २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन, त्यातल्या २२.३ टक्क्यांचंच रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद. तक्त्याभोवती लुकलुकणारी माळ, सेल बदलायची सोय नसलेली!

९ डिसेंबर
आठवीतल्या एका मुलापाशी बराच वेळ गेला. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला संपलेला सेल, आणि त्यावर चक्क पांढरा एलईडी पेटलेला. एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, सेलात जेमतेम एक. मधे एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि फेराइटच्या कडीवर गुंडाळलेली तार. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. बंद होताना कडीतलं चुंबकत्व ओसरतं आणि तारेत व्होल्टेज उसळतं. डोळ्यांना दिवा सलग दिसतो. कडी आणि ट्रान्झिस्टर बिघडलेल्या सीएफएलच्या बुडातून काढलेले.
"नळी फोडलीस?"
"नाही सर. पारा असतो."
सहपरीक्षक म्हणाले, यात नवीन काय, यूट्यूबवर आहे. कचरापेटी तरी कुठे वेदांतून आली होती?

१० डिसेंबर
निकाल. कचरापेटी पहिली, दिवा उत्तेजनार्थ. गुणपत्रिकेत सादरीकरणाला रकाना आहे, वस्तू उघडून दुरुस्त करता येते का याला नाही. कार्यालयात बोललो. "रकाने वरून ठरतात, सर."

१५ डिसेंबर
मग आपल्या शाळेपुरतं तरी. जुने बोर्ड, सेन्सर, मोटरी एका कपाटात; वाचनालयातल्या पुस्तकांसारखी नावावर नोंद, प्रदर्शन झालं की परत. जोडणी स्क्रूने किंवा दोऱ्याने. मुख्याध्यापकांना हरवाहरवीची काळजी. पहिली मागणी सातवीतून आली: दोन मोटरी हव्यात, कशासाठी ते सांगणार नाहीत. दिल्या.