अमानिता, गुच्छी वगैरे

नात अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात असते हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. बुरशी हा तिच्या अभ्यासाचा विषय. लग्नाच्या वेळी एका काकांनी "मुलगी काय करते?" असं विचारलं होतं. "बुरशीवर काम करते" हे उत्तर ऐकून त्यांना वाटलं लोणच्याचा कारखाना असेल. :)

तर झालं असं, की गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या पावसाळ्यात, तिला सातवा महिना लागला तेव्हा फोनवर म्हणाली, "आजी, मुलगी झाली तर नाव अळंबीवरून ठेवायचं आहे. तू मराठीची बाई ना, सुचव."

हे ऐकून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावर जो गदारोळ झाला, तो काय सांगावा! वन्सं म्हणाल्या, "कुत्र्याची छत्री म्हणून हाक मारायची का पोरीला?" त्यांचंही खरंच आहे म्हणा. फुलांवरून आपल्याकडे किती नावं! जाई, जुई, शेवंती, चाफा. नद्यांवरून आहेत, नक्षत्रांवरून आहेत. पण पहिला पाऊस पडला की जे सगळ्यात आधी जमिनीतून वर येतं, त्याच्यावरून एकही नाव नाही. भूछत्र म्हणा, अळंबी म्हणा, गोव्याकडे अळमी, विदर्भात सात्या. खायला सगळ्यांना हवं, नावात कुणालाच नको. स्मृतिकारांनी तर खायलाही मना केलं होतं. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीत 'कवक' बसवलं आहे. आता तोच शब्द शास्त्राच्या पुस्तकात बुरशीवर्गासाठी मानाने वापरतात.

मी कामाला लागले. छत्तीस वर्षं हजेरीपटावर मुलांची नावं लिहिली, नावांचा नाद आहेच.

पहिल्यांदा आठवला तो कालिदास. मेघदूतात ढगाच्या गडगडाटाने जमिनीतून 'शिलींध्र' उगवतात आणि धरती वांझ नाही हे कळतं, अशी कल्पना आहे. बीएला असताना ती मला फार आवडली होती. टीकाकार मल्लिनाथ शिलींध्राचा अर्थ कंदली असा देतो. म्हणून मी दोन नावं कळवली, शिलींध्रा आणि कंदली. जावईबापू शिलींध्रा म्हणायचा प्रयत्न करताना ठसकले. कंदली ऐकून धाकटा नातू म्हणाला, "कंदील का नाही?" असो.

नातीकडची यादी निराळीच. शँटरेल म्हणजे पिवळीधमक कर्ण्यासारखी अळंबी. ऑरेगॉनने 1999 मध्ये तिच्याच एका जातीला राज्याची अळंबी म्हणून मान दिला आहे. जपानी माइताके, म्हणजे नाचरी अळंबी. (वन्संनी हे 'माई, ताक घे' असं ऐकलं.) मॉरेल, म्हणजे आपल्या काश्मीर-हिमाचलची गुच्छी. गुच्छी मला लाडाचं नाव म्हणून एकदम पसंत पडलं.

आणि यादीत सगळ्यात खाली, अमानिता.

हे सगळ्यांना आवडलं! अनिता, अमिता, तसंच अमानिता. मलाही आनंद झाला, कारण शब्द ग्रीकमधून आलेला असला तरी संस्कृतातही तो चपखल बसतो. अमानिता म्हणजे मानाची हाव नसणं. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत, त्यात पहिलंच अमानित्व. ज्ञानोबांनी त्याच्यावर किती ओव्या खर्च केल्या आहेत! मी गटावर लांबलचक संदेश लिहिला. विहीणबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मग एका भाच्याने गूगल केलं. अमानिता हे अळंब्यांच्या एका मोठ्या कुळाचं नाव. मुलांच्या पुस्तकात लाल टोपीवर पांढरे ठिपके काढलेले असतात ती त्यातलीच. रोमन बादशहांच्या आवडीची, खाण्याजोगी एक आहे. पण त्याच कुळात 'डेथ कॅप' आहे, आणि जगात अळंबी खाऊन जी माणसं दगावतात त्यांतली बहुतेक तिच्यापायी. दिसायला साधी, चवीलाही वाईट नाही म्हणतात. खाल्ल्यावर कित्येक तास काही होत नाही, नंतर यकृत जातं.

गट पुन्हा पेटला. मी रात्री नातीला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती.

"अगं, तुला तर हे आधीच माहीत असणार."

"माहीत आहे ना आजी," ती म्हणाली. "म्हणूनच. अमानिता दिसली की आम्ही कुणी हात लावत नाही. हिलाही कुणी हात लावू नये."

मी काहीच बोलले नाही थोडा वेळ. 2021 मध्ये तिचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं, 2023 मध्ये दुसरं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. "होईल पुढे" एवढंच म्हणतात. त्या दोघांना नावं नव्हती.

मला माझे धोंडूमामा आठवले. आजीची तीन मुलं पाठोपाठ गेली, चौथ्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी नावं असलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांची हीच कथा आहे. दगड आहे, भिकेत मिळालाय, केरातला आहे. याच्याकडे बघू नकोस असं यमाला सांगायचं. आम्ही शिकलेली माणसं या नावांना हसलो. शाळेत माझ्याच वर्गात एक दगडू होता, त्याला मुलं चिडवायची, तेव्हा मी मुलांना हे सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून चिडवणं थांबलं. आणि आता शास्त्र शिकलेली माझी नात, हातात सूक्ष्मदर्शक घेऊन, पणजीच्या आईने केलं तेच करत होती. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग धोंडूमामा किती जगले?"

"अठ्ठ्याऐंशी."

"बघ!"

दुसऱ्या दिवशी मी गटावर सगळं लिहिलं, डेथ कॅपसकट, धोंडूमामांसकट. ती जे बोलली तेही, तिला विचारून. बराच वेळ कुणाचं काही आलं नाही. मग वन्संचा संदेश आला, "मा दीर्घ ना? मी पाळण्याचं गाणं लिहायला घेते." वन्संची तीन मुलं आहेत. चौथं होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. पंचावन्न वर्षांची आमची ओळख.

ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. तिकडे दवाखान्यातून निघण्याआधीच नावाचा कागद भरून घेतात, त्यामुळे बारसं आम्ही नंतर व्हिडिओवर केलं. वन्संनी गाणं म्हटलं. यमक जुळत नव्हतं, पण अमानिताला काय यमक जुळणार? घरात तिला गुच्छी म्हणतात. केस खरंच तसे आहेत, जाळीजाळीचे.

नातलगांनो, जन्मदाखल्यावर मा दीर्घ आहे. कृपया भेटकार्डावर अमनिता लिहू नये.