फुलपाखरांचें पणजोळ

मेक्सिको देशाच्या मिचोआकान प्रांतांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,००० मीटर उंचीवर, एल रोझारिओ नांवाची एक वनभूमि आहे. हिवाळ्यांत ही चढण चढून गेलेल्या प्रवाशास प्रथम वाटतें कीं, ओयामेल वृक्षांच्या फांद्या वाळक्या पानांच्या घोसांनीं वांकल्या आहेत. इतक्यांत उन्हाची तिरीप येते, आणि तीं पानें पंख उघडतात! नारिंगी रंगाचीं, काळ्या शिरांचीं लक्षावधि मोनार्क फुलपाखरें उडूं लागतात. त्या शांत वनांत पंखांची सळसळ तेवढी कानीं येते.

कॅनडा व अमेरिकेंतून तीन-चार हजार किलोमीटर उडत तीं नोव्हेंबरच्या आरंभीं येथें उतरतात. त्याच दिवसांत मृतांचा सण असतो. आपले पूर्वजच या रूपानें घरीं आले, असें तेथील लोक मानतात. पितृपक्षांत कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांना ही भावना परकी वाटूं नये. नवल हें कीं, येणाऱ्या फुलपाखरांनीं हें स्थळ पूर्वीं कधींच पाहिलेलें नसतें. मागील वसंतांत येथून निघाल्या त्या त्यांच्या पणज्या-खापरपणज्या!

परंतु हा गोतावळा रोडावला आहे. १९९६-९७ च्या हिवाळ्यांत त्यानें १८ हेक्टरांहून अधिक वन व्यापिलें होतें. २०१३-१४ मध्यें अवघें ०.६७ हेक्टर. वृक्षतोड व हवामान यांचा त्यांत वांटा आहेच. पण एक मोठें कारण शेंकडों कोस दूर, आयोवाकडील शेतांत सांपडतें.

जनुकांत फेरफार करून कीडनाशक बनविलेल्या मक्याचा पराग खाऊन मोनार्कच्या अळ्या मरतात, असें १९९९ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील प्रयोगांत दिसलें व मोठा गहजब झाला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या शेतांवरील पाहण्यांत मात्र हा धोका अल्प ठरला. खरा घाव दुसरीकडून बसला. १९९६ नंतर तणनाशक सोसणारें सोयाबीन व मका सर्वत्र पसरले. औषध फवारलें कीं पीक उभें राहतें, बाकीचें हिरवें जळतें. त्यांत मिल्कवीड गेलें. आपल्या रुईच्या कुळांतील ही दुधाळ वनस्पति हेंच मोनार्कच्या अळीचें एकमेव अन्न! १९९९ ते २०१० या काळांत त्या प्रदेशांतील मिल्कवीड निम्म्याहून अधिक घटलें, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मिचोआकानचें वन २००८ सालीं जागतिक वारसा ठरलें. पण वाटेवरचें अन्न तुटलें, तर तेथवर पोंचणार कोण? म्हणून आतां अमेरिकेंत कित्येक लोक रस्त्यांच्या कडेला व परसांत मिल्कवीड मुद्दाम लावीत आहेत. ज्याला काल तण म्हणून उपटलें, त्याचेंच बीं आज जपून पेरलें जात आहे.