एक्याण्णवावा दिवस

एप्रिलपासून वसुली पुतणीकडे गेली. माझी वही होती, तिची शीट आहे. अडतं मात्र जुन्याच जागी, तारखेवर.

शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याला नफा शिकवायला नको. किलोमागे काय सुटतं ते भट्टीवरचा पोरगाही सांगेल. पण स्क्रॅपवाल्याला आठवड्यात पैसे लागतात, पगार सातला, जीएसटी वीसला, वीजबिल कुणासाठी थांबत नाही. आणि पार्टीचे 'साठ दिवस' बिलापासून सुरू होतच नाहीत. माल तपासून स्वीकारल्याची पावती, म्हणजे जीआरएन, निघाली की मग सुरू. चार नग रिजेक्ट झाले, की डेबिट नोटेचा घोळ मिटेपर्यंत अख्खं बिल अडून बसतं.

बँक मात्र बिलाच्या तारखेपासून मोजते. आमच्या कॅश क्रेडिट खात्यात नव्वद दिवसांपुढची उधारी ड्रॉइंग पॉवरमधून बाद, उरलेलीवर २५ टक्के मार्जिन. म्हणजे दहा लाखांच्या येण्यावर एकोणनव्वदाव्या दिवशी साडेसात लाख उचलता येतात, एक्याण्णवाव्याला छदाम नाही. पार्टी पैसे रखडवते, नेमका तेव्हाच बँकही हात आखडते. हे गणित मी हर प्रकारे मांडून पाहिलंय. ऑर्डर वाढली तर आणखी बिकट, कारण आधी स्क्रॅप दुप्पट घ्यायचं, मग उधारी दुप्पट सोसायची.

२००६च्या कायद्याने लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला सांगितलं. उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही मागता येतं. मागून बघा, पुढची ऑर्डर शेजारच्याला. २०२३च्या अर्थसंकल्पाने थकवलेलं बिल खर्चात धरू न देणारं ४३बी(एच) कलम आणून आयकराचा धाक घातला, पण तो धाक ३१ मार्चचा. मार्चात पेमेंटं धडाधड येतात, एप्रिलात साहेब पुन्हा मीटिंगमध्ये.

पुतणी बिलं ट्रेड्सवर, बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर, चढवते. तिथं पार्टीने बिल मान्य केलं की कुणीतरी वटवून देतो. मान्य कुणी करायचं? पार्टीनेच!

काही जण रिजेक्ट मालही तयार मालात धरून स्टॉक स्टेटमेंट फुगवतात आणि वर त्याला फायनान्स म्हणतात. मी तसलं केलं नाही, याची मला गरजेपेक्षा जास्त घमेंड आहे. फोनवरच्या माझ्या वसुलीची त्याहून जास्त. परवा एक रक्कम शुक्रवारी येणार हे शीटवर स्पष्ट दिसत होतं. तरी गुरुवारी मी पार्टीला फोन केलाच, आणि शनिवारी पुतणीसमोर सगळ्यांना सांगितलं, "बघा, एका फोनात सोडवले!"