श्वास कमी घ्यायला शिकताना

घाबरलेल्या माणसाला आपल्याकडे सगळे एकच सांगतात, "खोल श्वास घे." लोकलचा डबा असो, दवाखान्याचं बाकडं असो की लग्नाचा हॉल, आधी पाण्याची बाटली पुढे येते आणि मागोमाग हा सल्ला. सल्ला मायेचाच असतो. पण पॅनिक अटॅक आलेल्या माणसाचा त्रास त्याने बरेचदा वाढतो. हे आम्हाला आमच्या भाभीच्या आजारातून कळलं.

आम्ही दोघी बहिणी. थोरली शाळेत शिकवते, धाकटी कॉलेजात आहे. अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची पाच वर्षांची मुलगी आणि आम्ही असे सगळे कांदिवलीला, चारकोपच्या म्हाडा वसाहतीत राहतो. हे सगळं भाभीला विचारून, तिला वाचून दाखवूनच लिहिलं आहे. "नाव तेवढं टाकू नका," एवढंच ती म्हणाली.

भाभी अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. एका सकाळी मालाड आणि गोरेगावच्या मध्ये, लेडीज डब्यात, तिच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. हातापायांना मुंग्या, ओठ बधिर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि आपण आता मरणार ही पक्की खात्री. बायकांनी तिला गोरेगावला उतरवलं. हॉस्पिटलात ईसीजी काढला, तो अगदी व्यवस्थित होता. नंतर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, छातीचा एक्स-रे सगळं झालं. फाइल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदावर 'नॉर्मल'. एका डॉक्टरांनी हसून सांगितलं, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." काही झालेलं नाही म्हणावं, तर त्याच महिन्यात तीन वेळा तेच झालं.

एकदोनदा असा झटका कुणालाही येऊ शकतो. पुढचा झटका कधी येईल ही भीती सतत मागे लागते आणि त्या भीतीपायी माणूस जगणं आवरतं घेतो, तेव्हा त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. भाभीने आधी लोकल सोडली, मग बस. मेट्रोचे दरवाजे बंद झाले की पुन्हा तेच, म्हणून मेट्रोही सोडली. मग नोकरी गेली. न्हाणीघराची कडी लावेनाशी झाली. मुलीला शाळेत सोडायला आमच्यापैकी कुणीतरी बरोबर लागायचं. मुलगी विचारायची, "अम्मीला एकटीला रस्ता सापडत नाही का?"

लोकांनी काय काय सांगितलं ते सगळं लिहीत नाही. नजर लागली, बाहेरची हवा लागली, ईमान कमजोर आहे. शेवटचं बोलणं भाभीला सगळ्यात जास्त लागलं. पाच वेळची नमाज न चुकवणारी बाई रात्री उठून स्वतःलाच विचारायला लागली की अल्लाहवरचा आपला भरवसा कमी पडतो का. दम्याच्या माणसाला असं कुणी विचारत नाही. अम्मीने मात्र वाद घातला नाही. तिने दुआ चालू ठेवली आणि भाईजानना मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यायला लावली.

तिथे आजाराला नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यानेच निम्मा जीव खाली पडला. गोळी सुरू झाली. त्याबरोबर डॉक्टरांनी बोरिवलीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या श्वासाचा बायोफीडबॅक शिकवतात. शब्द मोठा आहे, कल्पना सोपी. शरीरात चाललेली जी गोष्ट आपल्याला दिसत नाही ती यंत्राने डोळ्यांसमोर आणायची आणि तिच्याकडे बघत बघत ती बदलायला शिकायचं.

यंत्राचं नाव कॅप्नोमीटर. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर हेच तंत्र वापरतात. नाकाशी एक बारीक नळी लावतात आणि बाहेर पडणाऱ्या श्वासाच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड किती आहे तो आकडा पडद्यावर येतो. साधारण 35 ते 45 असावा. भाभी खुर्चीत नुसती बसली होती तेव्हा तो 30 होता, आणि मिनिटाला 22 श्वास. ती जोरजोरात श्वास घेत होती असं बघणाऱ्याला मुळीच वाटलं नसतं. मधूनमधून एक उसासा, एक जांभई, एवढंच.

मग मॅडमनी तिला मुद्दाम एक मिनिट भरभर, खोल श्वास घ्यायला सांगितलं. आकडा घसरत 22 वर आला. भाभीच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं. ती थांबली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "हेच! हेच होतं मला!" इतके महिने जे आभाळातून कोसळत होतं ते तिने स्वतःच्या श्वासाने एका मिनिटात आणून दाखवलं होतं.

कारण असं. कार्बन डायऑक्साइड म्हणजे नुसता टाकाऊ वायू अशी शाळेपासून आपली समजूत असते. पण रक्तात तो ठराविक प्रमाणात लागतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की तो उडून जातो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. रक्तातल्या कॅल्शियमचा तोल बदलतो, त्यामुळे मुंग्या येतात, बोटं आखडतात. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं, पेशींना लवकर सोडत नाही. म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरपूर आणि तरी गुदमरल्याची भावना. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आमच्या घरात अजून आहे. भाभीला ऐन झटक्यात तो लावला की 99 दाखवायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं यंत्र बिघडलं. यंत्र बरोबर होतं. गुदमरतंय म्हणून माणूस आणखी श्वास ओढतो, आकडा आणखी खाली जातो, आणि चक्र फिरत राहतं.

चार आठवड्यांचा अभ्यास होता. रोज दोनदा, सतरा सतरा मिनिटं. आधी दोन मिनिटं शांत बसायचं, मग दहा मिनिटं मोबाइलमधल्या सुरावर श्वास घ्यायचा आणि सोडायचा, शेवटची पाच मिनिटं सुराशिवाय. पहिल्या आठवड्यात मिनिटाला 13 श्वास, मग 11, मग 9, शेवटी 6. आणि श्वास हळू घ्यायचा तसा उथळही घ्यायचा. इथेच बहुतेक लोक चुकतात, असं मॅडम म्हणाल्या. संथ पण पोटभर श्वास घेतला तर आकडा खालीच राहतो. अनामत ठेवून यंत्र घरी आणता आलं. भाभी फजरनंतर आणि इशानंतर बसायची. भाची सुरांची राखण करायची. एक सूर चुकला की ओरडायची, "अम्मी, तू उशिरा सोडलास!"

पहिला आठवडा वाईट गेला. श्वास कमी केला की तिला हवेची तहान लागायची. दोनदा तिने नळी काढून फेकली. पण एका रात्री रडत रडत ती पडद्याकडे बघत राहिली. जीव गुदमरतोय असं वाटत होतं आणि त्याच क्षणी आकडा 33, 34, 35 असा वर चढत होता. शरीर 'मेले' म्हणत होतं आणि पडदा 'बरी होते आहेस' म्हणत होता. आम्ही तिला हजारदा सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आकड्याशी भांडता येत नाही.

ही पद्धत अमेरिकेत अ‍ॅलिशिया म्यूरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. 37 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 2008 मध्ये छापून आला, त्यात चांगला फरक दिसला. पण गोष्ट इतकी सरळ नाही. 2012 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात काही रुग्णांना आकडा वर न्यायला शिकवलं आणि काहींना मुद्दाम खाली. दोन्ही गट सुधारले! म्हणजे गुण कार्बन डायऑक्साइडचा, की श्वासाला न घाबरता हाताळता येतं या अनुभवाचा, हे अजून ठरलेलं नाही. आम्हाला स्वतःला दुसरं जास्त पटतं. पडद्यासमोर बसलेली भाभी आम्ही रोज पाहिली आहे.

आणि हे सगळं परदेशातूनच आलं असंही नाही. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी 1960 आणि 70 च्या दशकांत चिंतेच्या रुग्णांना श्वास, आसनं आणि एकाग्रता यांचे उपचार देत होते. त्यांनी नुसती स्तुती केली नाही. पूर्ण पद्धतीची तुलना तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अर्धवट पद्धतीशी केली आणि 1973 मध्ये ते काम छापलं. आपल्या काही घरांत योगाचं नाव निघालं की भुवया उंचावतात, म्हणून सांगतो: भाभीने नाकाला नळी लावून आकडा बघितला, दुसरं काही नाही. एक गोष्ट मात्र तिची तिलाच सापडली. सावकाश तिलावत करून उठली की आकडा चांगला असायचा. मॅडमना नवल वाटलं नाही. लांब आयत एका दमात, न घाई करता वाचायची म्हटलं की श्वास आपोआप संथ होतो, असं त्या म्हणाल्या.

चौथ्या आठवड्याअखेर आकडा 38 वर स्थिर झाला. मग लोकल. पहिल्या दिवशी कांदिवली ते मालाड, एकच स्टेशन, दुपारच्या रिकाम्या गाडीत, आम्ही दोघी दोन बाजूंना. नंतर गोरेगाव. मग आम्ही पुढच्या डब्यात. अंधेरीपर्यंत एकटी जायला तिला आणखी दोन महिने लागले. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी एकदा झटका आला. ती खाली बसली, तोंड मिटून नाकाने छोटे श्वास घेतले, आणि काही मिनिटांनी उठून पुन्हा उभी राहिली. घरी येऊन तिने हे जेवताना सांगितलं, तेही मीठ कमी आहे असं सांगून झाल्यावर.

कुणाच्या घरी असा त्रास असेल तर दोन-तीन गोष्टी. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका, आधी ईसीजी काढा. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर हा अभ्यास डॉक्टरांना विचारूनच करा. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू नका, हृदयाच्या किंवा दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची आहे. यंत्र सगळीकडे मिळत नाही, पण बोलायला माणूस मिळतो. सरकारच्या टेलिमानसचा नंबर 14416 आहे. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

भाभीची गोळी अजून चालू आहे, कमी कधी करायची ते डॉक्टर ठरवतील. रोजा ठेवताना वेळ इफ्तारनंतरची करून दिली होती. नवी नोकरी मालाडला मिळाली आहे, पगार आधीपेक्षा थोडा कमी. न्हाणीघराची कडी ती आता लावते. लिफ्टमध्ये मात्र अजून एकटी जात नाही, जिन्याने चढते, आणि वर पोचल्यावर धाप लागली की हसते.