तोंडावरचा हात



गणपतीच्या अंकातले फोटो पाहून चार-पाच जणींचे मला फोन आले. आपल्या अंकाचं झेरॉक्स कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. आरतीचं ताट कुठलं आणि अध्यक्ष कुठले हे कळायला खालची नावं वाचावी लागतात. पण त्या काळ्या चेहऱ्यांच्या रांगेत माझे दात मात्र पांढरे स्वच्छ उमटलेत. त्याहून नवल म्हणजे माझा हात तोंडावर नाही. सात वर्षं मी मंडळात काम करते आहे, हळदीकुंकवाचे, कोजागिरीचे, दिवाळीचे फोटो काढून पाहा. प्रत्येकात मी आहे आणि प्रत्येकात माझा उजवा तळहात ओठांवर आहे. एका काकूंना तर वाटायचं की मी फार लाजाळू आहे. सभेत पैशांवरून भांडताना त्यांनी मला पाहिलेलं नसावं.

"काय केलंस?" याचं उत्तर "व्हिनियर बसवले" असं दिलं, तर पुढचा प्रश्न आला, "म्हणजे कवळी का गं?" तेव्हा संपादक म्हणाले, प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा दोन पानं लिही. म्हणून हा लेख.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. कापूस, तूर आणि उन्हाळा. गावात पूर्वी एकच मोठी विहीर होती. दर पावसाळ्यात उलट्या-जुलाबाची साथ यायची आणि एखादं मूल जायचं. माझे आजोबा पंचायत समितीत खेटे घालून घालून बोअर मंजूर करून घेऊन आले. 1980 च्या दशकात गावात हापशी बसली, नारळ फुटला, आजोबांच्या गळ्यात हार पडला. बायकांचा दोर ओढण्याचा त्रास गेला, साथ थांबली. आजोबा म्हातारपणी ओट्यावर बसून त्या हापशीचा करकर आवाज ऐकायचे, अगदी रेडिओ ऐकल्यासारखा.

मी त्या हापशीनंतर जन्मले. माझे पक्के दात आले ते खडूसारखे निस्तेज. वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यावर तपकिरी पट्टे उमटले, काही ठिकाणी खड्डेही. आजीचे दात मिश्रीनं काळे, पण खाली धड. बाबांचे धड. आई अमरावतीकडची, तिचे तर मोत्यासारखे. मग नात अशी कशी? आईनं सरळ निष्कर्ष काढला, "काऊन गं, बरोबर घासत नाहीस काय दात?" रोज सकाळी ती समोर उभी राहून घासून घ्यायची. आधी राखुंडी, मग मीठ, मग कोळसा, एकदा तर विटेची पूड. हिरड्यांतून रक्त यायचं, पट्टा हलायचा नाही. मी नऊ वर्षांची असताना बाबांची बदली झाली आणि आम्ही यवतमाळला राहायला गेलो. धाकटी बहीण तिथलीच. तिचे दात आईसारखे निघाले. आता तर पुरावाच मिळाला: एकाच घरातल्या दोन मुली, एक घासते, एक घासत नाही. तळहात तोंडावर जायला लागला तो त्या वर्षापासून.

खरी भानगड मला एम.एस्सी.ला कळली. तिकडच्या कठीण खडकांतून मुरून येणाऱ्या खोल पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. दाताचं एनॅमल हिरडीच्या आत तयार होत असतं तेव्हा त्यात आधी प्रथिनं असतात. ती हळूहळू निघून जातात आणि त्यांच्या जागी कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक भरतात. फ्लोराइड जास्त झालं की प्रथिनं नीट निघत नाहीत, एनॅमल सच्छिद्र राहतं. दात उगवल्यावर त्या छिद्रांत रंग शिरतो. हे सगळं वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत ठरून जातं. म्हणून आजी, बाबा आणि लग्न होऊन आलेली आई यांनी तेच पाणी कितीही प्यालं तरी त्यांच्या दातांना काही झालं नाही. म्हणून बहीणही वाचली. घासण्याचा काडीचा संबंध नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावाहून हापशीचं पाणी कॅनमध्ये भरून नागपूरला नेलं आणि इलेक्ट्रोडनं मोजलं. भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत सवलत. आमचं पाणी सवलतीच्या दुपटीहून वर होतं. पुढच्या सुट्टीत मी आईला स्वयंपाकघरात सगळं समजावून सांगितलं, अगदी विजयी मुद्रेनं. ती पोळ्या लाटत होती. तिनं ती पोळी पूर्ण लाटली, भाजली, डब्यात ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे पाणी मीच पाजलं." त्यानंतर तिनं माझ्या दातांचा विषय कधीही काढला नाही. आजोबा तेव्हा हयात नव्हते, याचं मला बरं वाटलं.

आणि नशीब कसं बघा, नोकरी मिळाली ती या ग्रँड रॅपिड्समध्ये! 1945 च्या जानेवारीत जगात सर्वांत आधी मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घालणारं शहर हेच. त्याच्यामागची कथाही दातांच्या डागांचीच आहे. फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य 1901 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला, तर तिथल्या मुलांचे दात तपकिरी. पण ते दात किडत मात्र कमी होते. कारण सापडलं थेट 1931 मध्ये, चर्चिल नावाच्या अ‍ॅल्युमिनियम कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाला (आमच्या जातीला!) पाण्यात फ्लोराइड सापडलं तेव्हा. मग डाग पडणार नाहीत पण कीड थांबेल इतकंच फ्लोराइड घालायचं ठरलं. आज अमेरिकेत शिफारस लिटरला 0.7 मिलिग्रॅमची आहे. हे घालावं की नाही यावर इथे सध्या जोरात वाद चालू आहेत, त्यात मी या लेखात पडत नाही. पण नळाचं पाणी पेल्यात घेताना मला हापशी आठवते एवढं खरं.

आता मूळ प्रश्नाकडे. व्हिनियर म्हणजे कवळी नव्हे. तो पोर्सेलीनचा अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पापुद्रा, दाताच्या फक्त दर्शनी बाजूला चिकटवलेला. नखाला नेलपॉलिशऐवजी खोटं नख लावावं तसा. हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्यानं नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले, पण ते कवळीच्या भुकटीनं तात्पुरते चिकटवलेले असत. शूटिंग संपलं की काढून ठेवायचे. ते पक्के बसायला दोन शोध लागले. 1955 मध्ये बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्लानं एनॅमल खरखरीत केलं की त्यावर प्लास्टिकसारखं रेझिन घट्ट धरतं. 1980 च्या दशकात पोर्सेलीनची आतली बाजूही तशीच खरखरीत करता येऊ लागली, आणि ती कशानं? हायड्रोफ्लोरिक आम्लानं! आमच्या प्रयोगशाळेत त्या बाटलीला हात लावताना दुहेरी हातमोजे आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब लागते. ज्या फ्लोरिननं माझे दात बिघडवले तेच त्यांच्यावरचं झाकण पक्कं करायला आलं. (हे काम तोंडाबाहेर करतात आणि पापुद्रा धुऊन मगच दातावर ठेवतात, घाबरू नका.)

मी लगेच व्हिनियरकडे धावले नाही. आधी पेरॉक्साइडचं ब्लीचिंग केलं. तपकिरी पट्टे थोडे फिके झाले, पण पांढरे ठिपके आणखी पांढरे दिसू लागले. मग आम्लमिश्रित पेस्टनं वरचा थर घासण्याचा प्रयोग झाला. उथळ डाग गेले, खोल राहिले, खड्डे तर राहणारच. डाग सौम्य असतील तर इथंच थांबावं, कारण व्हिनियरसाठी बहुधा एनॅमलचा पातळ थर खरवडावा लागतो आणि तो पुन्हा येत नाही. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपून जातात. एकदा हा रस्ता धरला की जन्मभर धरला. दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावे लागणार हे गृहीत धरूनच खुर्चीत बसायचं.

खर्चही ऐकून घ्या. इथे एका दाताला साधारण हजार ते अडीच हजार डॉलर. विमा कंपनी "हे सौंदर्यासाठी" म्हणून हात वर करते. माझ्या डेंटिस्टनं दहा दात सुचवले होते, मी वरचे सहाच केले. आरशासमोर त्यांनी पांढऱ्या छटांची पट्टी धरली, साडीच्या दुकानात ब्लाउजपीस जुळवतात तशी. सगळ्यात पांढरी छटा बाथरूमच्या टाइलसारखी दिसत होती. मी फोनमधला आईचा फोटो काढला आणि म्हटलं, हा रंग द्या. किंचित पिवळसर आहे. त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच कोणी कमी पांढरा मागतंय.

मग मोजमाप, तात्पुरते पापुद्रे, दोन आठवडे थांबणं. चिकटवण्याच्या दिवशी माझ्या दातांवर आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागलं, कारण फ्लोराइड मुरलेलं एनॅमल आम्लाला दाद देत नाही. गावचं पाणी शेवटपर्यंत अडून बसलं होतं म्हणायचं. निळा दिवा, चिमटीत धरलेले ओठ, आणि तीन तासांनी आरसा. पहिले दोन दिवस मी "स" म्हणताना शिट्टी वाजत होती. झोपेत दात चावायची सवय असल्यानं रात्री प्लास्टिकचं आवरण घालते. चिक्की समोरच्या दातांनी फोडणं बंद. संक्रांतीला मला तिळाची वडी द्या, चिक्की नको.

दोन गोष्टी जाता जाता. आपल्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला व्हिनियर हवेत असं तिची आई म्हणाली. त्या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, हिरडीही पुढे बदलते. थांबा. सलूनमध्ये स्वस्तात व्हिनियर चिकटवून देणाऱ्या बिनपरवान्याच्या लोकांकडे तर कोणीच जाऊ नका. आणि लहान मुलांना पेस्ट देताना तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत मटाराएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. ती गिळतात.

दात झाल्यावर मी आईला व्हिडिओवर फोन लावला. तिनं चष्मा शोधला, फोन दूर धरला, जवळ धरला. "हे तर माझ्यासारखेच की," ती म्हणाली. मी फोटोचं सांगितलं नाही. मग म्हणाली, "खालचे दाखव बरं." मी ओठ खाली ओढला. खालचे सगळे तसेच आहेत, पट्ट्यांसकट. बोलताना दिसत नाहीत आणि पैसेही संपले होते.

"तसेच ठेवले काय?"

"हो."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की गावातल्या हापशीला आता लाल रंग मारलाय, पिण्यासाठी नळ आलाय, पण म्हशींना अजून तिथलंच पाजतात.