कोर्लई: वर गड, खाली बोली

अलिबागहून मुरूडकडे निघालं की रेवदंडा मागे पडतं आणि कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल लागतो. पुलावरून उजवीकडे पाहा. खाडीच्या तोंडाशी एक लांबट डोंगर थेट समुद्रात घुसलेला दिसेल. त्याच्या कण्यावर कोर्लईचा गड आहे. पोर्तुगीज त्याला ‘मोरो’ म्हणत. मोरो म्हणजे टेकाड, बस्स. नाव ठेवण्याची हौस त्यांनी चर्चसाठी राखून ठेवली असावी.

गावातून कोळीवाड्याच्या कडेने, काठ्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासातून रस्ता दीपगृहापाशी जातो आणि तिथून पायऱ्या. वीसेक मिनिटांची चढण. मी ती मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता चढलो. हा शहाणपणा दुसऱ्या कुणी करू नये.

गड म्हटला की आपल्याला सह्याद्रीतलं ऐसपैस पठार आठवतं. कोर्लईला पठारच नाही. दोन तटांमध्ये डोंगराची चिंचोळी धार, आणि तिला आडव्या भिंती घालून कप्पे पाडलेले. एक दरवाजा ओलांडला की पुढे दुसरा, मग तिसरा. एक कप्पा पडला तरी पुढचा लढत राहावा, हा त्यातला हिशोब. मधे पाण्याचं टाकं, छप्पर उडालेलं चर्च, दगडात कोरलेल्या पोर्तुगीज ओळी आणि गंजून खरबरीत झालेल्या तोफा.

तोफांचं तोंड कुठे, हे कळायला तटावर उभं राहावं लागतं. समोर खाडीपलीकडे माडांच्या गर्दीत रेवदंडा, त्याला लागून चौल. अरब प्रवासी अल-मसुदी दहाव्या शतकात या बंदरात येऊन गेला होता. पंधराव्यात रशियाच्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन इथेच उतरला. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. पाहुण्याने घर बळकावलं म्हणावं, तशी गत. सत्तर वर्षांनी दुसऱ्या बुऱ्हाणाने ठरवलं, की समोरच्या डोंगरावर तोफा चढवायच्या आणि या लोकांचा गळा आवळायचा. डाव अचूक होता. या उंचीवरून खाडीतली होडीही सुटत नाही.

पण १५९४ मध्ये पोर्तुगीजांनीच डोंगरावर धडक मारली. निजामशाही शिपाई मागे हटून दरवाजा लावू लागले, तर मधेच एक हत्ती मरून पडलेला. दारं मिटेनात, आणि शत्रू आत घुसला, असं वर्णन आहे. खरं-खोटं तो हत्ती जाणे. निजामशहाने रेवदंड्यावर रोखलेला गड त्यानंतर रेवदंड्याचाच पहारेकरी झाला.

१६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला, तरी ठाणं टिकलं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मात्र उत्तरेतला पोर्तुगीज कारभार खचला आणि १७४० च्या तहात चौल-कोर्लई मराठ्यांकडे आली. सत्तेवरचे पोर्तुगीज गेले. त्यांच्या घरादारांत राबणारी, त्यांचा धर्म घेतलेली साधी माणसं कुठे जाणार? ती पायथ्याशीच राहिली.

उतरताना गावात पाणी मागितलं. मावशींनी तांब्या दिला, उन्हावरून मला चार शब्द सुनावले, ते ठसठशीत कोकणपट्टीच्या मराठीत. मग आत वळून लेकीला काहीतरी म्हणाल्या आणि त्यातलं मला काही म्हणता काही कळलं नाही. “ही कुठली भाषा?” “आमची. नो लिंग.” म्हणजे शब्दशः ‘आमची भाषा’. पोर्तुगीजातून निघालेली ही बोली साधारण हजारभर माणसं बोलतात. १७४० नंतर लिस्बनशी हिचा संबंध तुटला आणि शेजार उरला मराठीचा. पोर्तुगीजात क्रियापद वाक्याच्या मधे येतं; इथे ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसलं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लँसी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि आपण मुरूडच्या घाईत गावावरून गाडी दामटतो. पाव, पगार, चावी, घमेलं हे शब्द आपण त्याच पोर्तुगीजांकडून उचलले. यांच्या घरात मात्र सगळं वाक्यच राहिलं.

वर गडावर घाणेरी माजली आहे. तिथे फोटो काढायला माणसं येतात, राहायला कुणी नाही.

कोर्लईला गेलात तर सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर घ्या, आणि उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. गावात थोडं थांबा. घराघरांतून कानावर येणारी ती बोली ऐका.