जात्याच्या आतली बाजू

घरातली एखादी वस्तू त्रिमितीत जतन करायची म्हटली, की बहुतेकांचा हात सर्वांत लाडक्या वस्तूकडे जातो. मला ही कसोटी अपुरी वाटते. फोटोग्रामेट्रीत वस्तूचे चहूबाजूंनी, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारे फोटो घेतात आणि संगणक त्यांतल्या समान खुणा जुळवून आकार उभा करतो. या तंत्राला कळतो तो फक्त पृष्ठभाग: खड्डा, उंचवटा, झीज, डाग. म्हणून जिची आठवण आकारातच मुरली आहे, ती वस्तू निवडावी. लातूर-नांदेडकडच्या कुणी मला विचारलेच, तर मी देव्हाऱ्यातल्या लखलखीत मूर्तीआधी ढेलजेत पडून असलेले जाते दाखवीन. होट्टलची मंदिरे, खरोशाची लेणी यांची दखल घेणारे पुष्कळ आहेत. जात्याला घरच्यांशिवाय कोणी नाही.

जाते काळ्या पाषाणाचे, खरखरीत. त्याचा कणन्‌कण संगणकाला खूण पुरवतो. पण खरा ऐवज वरून दिसतच नाही. वरची तळी उचलून उलटी करावी लागते. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा टाकी लावून घेत. ते घाव, त्यांवर चढलेली पुढची झीज, खुंट्याच्या भोकाची घासलेली कड, हे सगळे आतल्या बाजूला किंवा कडेला असते. म्हणून दोन्ही तळ्या सुट्या, उलटसुलट टिपून मग जुळवायच्या. शेजारी मोजपट्टी हवीच. तिच्याविना मॉडेलला स्वतःचे माप नसते. आणि दिवस ढगाळ असलेला बरा, कारण आपल्याकडच्या दुपारच्या सावल्या मॉडेलच्या रंगात कायमच्या उमटतात.

जात्याचा जीव ओवीत होता, दगडात नव्हे, असे कोणी म्हणेल. कबूल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्या त्यासाठीच. आवाजाचे काम आवाजानेच करावे. अधिक अडचणीचा प्रश्न बिदरी पानदानाचा आहे. उदगीरहून बीदर जवळच, त्यामुळे या भागातल्या एखाद्या घरात ते सहज निघेल. जस्त-तांब्याच्या काळ्या केलेल्या धातूवरची चांदीची नक्षी हाच त्याचा प्राण. कॅमेरा हलला की तिच्यावरची चमकही हलते आणि संगणक तिलाच खूण समजून फसतो. ध्रुवणाचे फिल्टर लावून चमक मारली, तर चांदीही काळवंडते. चमक झाकायला भुकटी मारली, तर ती नक्षीच्या फटीत अडकते. अशा वस्तूचे चांगल्या प्रकाशातले चार साधे फोटोच मला अधिक प्रामाणिक वाटतात.

मग जात्यालाही फोटो का पुरू नयेत, आणि घाई तरी कसली? घाईचे उत्तर या भागाला सांगावे लागू नये: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि पुढे गावेच्या गावे नव्या जागी वसवावी लागली. फोटोचे उत्तर साधे आहे. फोटोत टाकीचा घाव दिसतो, पण त्याची खोली मोजता येत नाही. नेटके घेतलेले मॉडेल असेल, तर ती मिलिमीटरात काढता येते आणि हवे तर पाथरवटाला त्या मापाने दुसरी तळी घडवता येते.